‘डिस्क भंगारात घाला’ म्हणणाऱ्यांनो, आमच्या गावात एक रात्र काढा

दारव्ह्याकडचा
परवा इथे एकानं लिहिलं: ‘डिस्क, प्लेअर, पाच स्पीकर-खोक्यांचं होम थिएटर, सगळं भंगारात घाला. जगातला सगळा सिनेमा ओटीटीवर आहे. एक साउंडबार घ्या नि मोकळे व्हा. अजून डिस्क जपणारे लोक आठवणींचे रोगी आहेत.’ लिहिणारा पुण्याच्या बाणेर-बालेवाडीचा असावा, कारण अख्ख्या लेखात लाईन एकदाही गेली नाही.

आमचा यवतमाळकडचा दारव्हा-आर्णी पट्टा, कपाशी-तुरीचा. टॉवर आहे. टॉवरखाली उभं राहिलं की फोर-जी, घरात टिनाखाली आलं की एक दांडी. लाईन गेली की थोड्या वेळानं टॉवरची बॅटरीही मान टाकते. संध्याकाळी वावरातून सगळे घरी आले की अख्खं गाव मोबाईलवर, मग सिनेमा लावला की चकरी फिरत बसते. ग्रामपंचायतीत फायबर आली म्हणतात. म्हणजे डबा आला, तो कपाटावर आहे, आणि त्याच्यावर सरपंचांनी सत्काराची शाल ठेवली आहे.

आता हिशोब. नेटफ्लिक्स स्वतः सांगते की फोर-के पाहिलं तर तासाला सात जीबीपर्यंत डेटा जातो, साध्या एचडीला तीन. दोन तासांचा सिनेमा फोर-केत पाहायचा तर चौदा जीबी. आमच्या रिचार्जमध्ये रोजचे दीड मिळतात, आणि आजचे उरले तर उद्या मिळत नाहीत. पाहा बरं सिनेमा.

डिस्कला काय लागतं? इन्व्हर्टर. बस. साध्या ब्लू-रे डिस्कवर ५० जीबीपर्यंत माल बसतो, फोर-केच्या डिस्कवर १०० पर्यंत. आवाज मुळात होता तसा, काटछाट न करता. ओटीटीवर तोच आवाज दाबून-दाबून फार तर सेकंदाला ७६८ किलोबिटमध्ये कोंबलेला असतो आणि वर ॲटमॉसचा, म्हणजे चौफेर आवाजाचा, शिक्का. पाऊस पडतो त्या सीनमध्ये फरक कळतो. डिस्कवर पाऊस मागच्या खोक्यातून येतो, ओटीटीवर फुसफुस येते.

आणि मालकीचं काय? डिसेंबर २०२३ मध्ये सोनीनं प्लेस्टेशनवाल्यांना कळवलं होतं की तुम्ही पैसे देऊन घेतलेले डिस्कव्हरीचे कार्यक्रम आता तुमच्या खात्यातून जातील. बोंब झाली म्हणून मागे घेतलं, नाहीतर गेलेच होते. कॅलिफोर्नियात तर कायदा करावा लागला, २०२५ पासून लागू आहे: नुसता परवाना देत असाल तर ‘विकत घ्या’ असं बटण लावून गिऱ्हाइकाला फसवू नका. माझ्या कपाटातली डिस्क काढून न्यायला कोणाला आमच्या घरी यावं लागेल, आणि आमचा कुत्रा चावतो.

मोबाईलच_बरा
काका, भाषण भारी. एक सांगा, तुमच्या कपाटात ब्लू-रे किती आणि व्हीसीडी किती? आणि त्यातल्या ओरिजिनल किती? खरं सांगजा.

मी वरुडकडचा. आमच्या घरीपण पेटी भरून पडल्या आहेत. निम्म्यावर मार्करनं नाव लिहिलेलं. एका सिनेमाच्या दोन व्हीसीडी, इंटरव्हलला उठून बदलायच्या, आणि दुसरी नेमकी क्लायमॅक्सला अटकायची. चित्र ३५२ बाय २८८. आज मोबाईलवर रीलसुद्धा त्याहून साफ दिसते. तुम्ही १०० जीबीच्या गोष्टी सांगून रायले, पण ती डिस्क यवतमाळात कोणत्या दुकानात भेटते? मराठी सिनेमाची ब्लू-रे दाखवा मले, संत्र्याची पेटी घरपोच देतो.

आणि डिस्क ओटीटीनं मारली हा गैरसमज आहे. ओरिजिनल माल स्वस्त करून पाहिला ना मोझर बेअर या डिस्क बनवणाऱ्या कंपनीनं! व्हीसीडी २८ रुपये, डीव्हीडी ३४ रुपये. पायरेटेडच्या भावात ओरिजिनल. तरी कंपनी २०१८ मध्ये लिक्विडेशनमध्ये, म्हणजे गाशा गुंडाळून विक्रीला, गेली. आमच्याकडे डिस्क मेली ती बसस्टँडवरच्या मोबाईल शॉपीत. ‘मेमरी कार्ड भरून भेटेल, २० रुपये.’ नवीन सिनेमा, भजन, लावणी, सगळं एका चिपमध्ये. जिओ तर सप्टेंबर २०१६ मध्ये आलं, तोवर खेळ आटोपला होता.

बाकी तुमचं होम थिएटर पाहते कोण? आमच्या घरी बाबा फ्री डिशवर बातम्या पाहतात, आई मोबाईलवर मालिका, भाऊ क्रिकेट, मी माझं. चार माणसं, चार पडदे. पाच खोके लावून मधात कोणाले बसवायचं?

जुना_वायरमन
‘डिस्क मेली’ म्हणता, त्यात थोडी दुरुस्ती. ओप्पोनं २०१८ मध्ये ब्लू-रे प्लेअर बंद केले, सॅमसंगनं २०१९ मध्ये, मागून एलजीही गेली, हे खरं. पण पॅनासॉनिक आणि सोनीचे अजून येतात. सोनीनं फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केल्या त्या कोऱ्या, रेकॉर्ड करायच्या ब्लू-रे. ‘सोनीनं ब्लू-रे बंद केली’ हा मेसेज फिरवणाऱ्यांनी आधी बातमी वाचावी.

दारव्ह्याकडचा, तुमच्या बिटरेटच्या, म्हणजे सेकंदाला किती डेटा त्याच्या, बाता ठीक, पण ॲम्प्लिफायर कोणता? नागपूरच्या बर्डीवरून आणलेला स्वस्तातला ४४४० आयसीचा बोर्ड असेल तर लॉसलेस आणि लॉसीची, म्हणजे अस्सल आणि काटछाट केलेल्या आवाजाची, चर्चा करू नका. त्या बोर्डातून पाऊसही गुणगुणत येतो.

दारव्ह्याकडचा
४४४० पहिला होता. आता ५२००-१९४३ ट्रान्झिस्टरच्या जोड्या आहेत, ट्रान्सफॉर्मर वेगळा गुंडाळून घेतला आहे. आणि हो, व्हीसीडी जास्त आहेत. ब्लू-रे नागपूरला आणि ऑनलाइन जमवल्या, बोटावर मोजण्याइतक्या. म्हणून मुद्दा खोटा ठरतो का? संत्री नकोत, संत्र्याचा आंबिया बहार गळतो आहे म्हणतात तुमच्याकडे, तुम्हालाच लागतील.

मोबाईलच_बरा
गळतीवर जाऊ नका काका. ते दुखणं वेगळं.

आर्वीची_सून
इतका वेळ वाचत होते. पुरुषमंडळी बिटरेट मोजतात, पण पाच खोके आणि एक वूफर रोज पुसते कोण, हे एकानंही लिहिलं नाही.

आमच्याकडे दिराची हौस. बैठकीत चारी कोपऱ्यांत खोके, जमिनीवरून वायरी. वूफर लागला की स्वयंपाकघरात फळीवरची भांडी वाजतात. पावसाळ्यात उंदरानं मागची वायर कुरतडली, तर मलाच विचारलं, झाडताना ओढली का. होम थिएटर गेलं तर मी नारळ फोडीन. मला सिनेमा पाहायला मोबाईलच मिळाला, रात्री सगळे झोपल्यावर, कानात वायर घालून. त्याआधी रिमोट माझ्या हातात कधी आलाच नव्हता. तुमची ती ‘सगळं घर मिळून पाहायचं’ वाली मजा कोणाच्या पसंतीची होती, ते आपापल्या घरी विचारा.

पण डिस्कबद्दल मला वेगळंच बोलायचं आहे. सिनेमा गेला तर गेला, कुठेतरी सापडतो. माझ्या लग्नाची डीव्हीडी लागत नाही. तालुक्यातल्या एका स्टुडिओनं शूटिंग केलं, चांगले पैसे घेतले, चकचकीत कव्हरात दोन प्रती दिल्या. आता प्लेअरमध्ये टाकली की ‘नो डिस्क’. दुसरी लागते, पण वरमाला झाली की चित्राचे चौकोन-चौकोन होतात. स्टुडिओवाल्याकडे गेलो तर म्हणतो, ‘मूळ मास्टर कोण ठेवते वहिनी?’ माझे आजोबा त्या शूटिंगमध्ये मंगलाष्टकं म्हणतात. दुसरीकडे कुठे त्यांचा आवाज नाही.

जुना_वायरमन
घरी जाळलेली डीव्हीडी आणि कंपनीची छापील डीव्हीडी यात फरक आहे. जाळलेल्या डिस्कमध्ये रंगाचा थर असतो, लेझर त्या रंगावर खुणा करतो. ऊन आणि उष्णता लागली की तो रंग मरतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर, कपाट टिनाखालच्या भिंतीला. छापील डिस्कला ती भानगड नाही. त्यात स्टुडिओवाले सगळ्यात स्वस्त कोऱ्या डिस्क आणत, शंभराच्या गठ्ठ्यातल्या.

हिंगणघाट_शूटिंगवाला
आले सगळे आमच्यावर! साहेब, मी शूटिंगच्या धंद्यात व्हीएचएस कॅसेटपासून आहे. लग्नात खांद्यावर कॅमेरा, एका पोराच्या हातात हॅलोजन, त्याच्या मागं दुसरा पोरगा वायर सोडवत. जेवायच्या पंगतीत लाईट मारला की म्हाताऱ्या शिव्या देत. रात्रभर जागून मिक्सिंग, नवरा-नवरी बदामात घाला, बदामातून मोर काढा, हे तुम्हीच मागत होते. पैसे? निम्मे लग्नाआधी, निम्मे ‘कापूस विकला की’. कापूस विकल्या जाये, आमचे पैसे कधी येत नसत.

मास्टर ठेवा म्हणता. कोरी कॅसेट फुकट येत होती का? एका लग्नाची कॉपी दिली की त्याच कॅसेटवर दुसरं लग्न. सगळेच करत होते. हार्ड डिस्क घ्यायची ऐपत आली तोवर लोकांनी पेनड्राइव्ह पुढे केला.

आर्वीची_सून
म्हणजे माझ्या लग्नावर दुसऱ्याचं लग्न टेप झालं, आणि हे तुम्ही अभिमानानं सांगता?

हिंगणघाट_शूटिंगवाला
तुमचं लग्न मी शूट केलं नाही वहिनी. ज्यानं केलं त्याले विचारा. माझ्यावर काहून डाफरता?

मोबाईलच_बरा
तेच म्हणतो मी! हेच लग्न आज झालं असतं तर पन्नास जणांच्या मोबाईलमध्ये असतं. एकाचा फुटला तरी बाकीच्यांकडे आहे. कपाटातल्या एका डिस्कवर जीव ठेवणं म्हणजेच धोका.

दारव्ह्याकडचा
पन्नास मोबाईल दोन वर्षांत बदलतात. व्हॉट्सॲपवर आलेला व्हिडिओ चुरगळून आलेला असतो. पुतण्याच्या लग्नाचे फोटो ‘ड्राइव्हवर टाकले’ म्हणून त्यानं सांगितलं. आता त्याला पासवर्ड आठवत नाही आणि जुना नंबर बंद. कोणी जपलं सांगा?

झाडीचा_माणूस
तुमचं भांडण वाचून हसू येते जी. आमच्याकडे झाडीपट्टीत, गडचिरोलीतल्या वडसा भागात, दिवाळी झाली की मंडईचे (जत्रेचे) दिवस, शंकरपट (बैलांच्या शर्यती) आणि रात्रभर नाटक. पडदा, तंबू, हार्मोनियम, हजारभर माणूस थंडीत घोंगडं घेऊन. ओटीटी आलं, तरी नाटकाच्या तारखा भरलेल्या असतात. सगळे मिळून पाहणं संपलं असं कोण म्हणते? घरात संपलं असंल.

पण या वहिनींचं दुखणं आमचंही आहे. जुन्या नटांच्या नाटकांच्या व्हीएचएस लोकांनी काढून ठेवल्या होत्या. आमच्या गावच्या मंडळाच्या पेटीत होत्या. एकदा उघडल्या तर कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या कडेला पांढरी बुरशी. एकानं तशीच व्हीसीआरमध्ये टाकली, टेपही तुटली नि मशीनही बिघडली. ते नाटक कोणत्या ओटीटीवर आहे सांगा ना भाऊ? तिथं तर त्या नटाचं नाव टाकलं तर दुसराच कोणी निघते.

जुना_वायरमन
बुरशीची कॅसेट चुकूनही मशीनमध्ये टाकायची नाही. कोरड्या जागी ठेवा, उघडून रीळ हातानं फिरवत आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि मऊ कापडानं कडा पुसा, मग लावा, आणि लावल्यावर मशीनचं हेड (टेप वाचणारा भाग) पुन्हा साफ करा. बुरशीवाल्यांसाठी एक जुनी मशीन वेगळी ठेवली तर उत्तम, नाहीतर चांगल्या कॅसेटलाही लागण होते. व्हीसीआर जपून ठेवा. फुनाई या जपानी कंपनीनं २०१६ मध्ये शेवटचा बनवला, आता जो आहे तो जुनाच.

आणि हे फक्त लग्नाचं नाही. दादासाहेब फाळक्यांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’सुद्धा पूर्ण उरला नाही, थोडा भाग उरला आहे. पुण्यात २००३ मध्ये आग लागून राष्ट्रीय फिल्म संग्रहालयाच्या जुन्या, चटकन पेटणाऱ्या नायट्रेट फिल्म गेल्या, तिथे तर सांभाळायला माणसं होती.

मोबाईलच_बरा
बरं बाप्पा, मान्य. लग्नाची कॅसेट आणि झाडीपट्टीचं नाटक जपा. पूजा करा. पण होम थिएटर आणि ब्लू-रेचं काय? मुद्दा तो होता. मारधाडीच्या इंग्रजी सिनेमाची डिस्क काकांनी जपली नाही तर कोणाची संस्कृती बुडते?

दारव्ह्याकडचा
माझी. मी कोणाची परवानगी मागत नाही.

आणि ‘मान्य’ म्हणताना इतकं तोंड वाकडं करायचं कारण नव्हतं.

आर्वीची_सून
वायरमन दादा, डीव्हीडीचं काही होतं का? अल्कोहोल तिलाही चालतं?

जुना_वायरमन
वरचा ओरखडा असेल तर पुसून, पॉलिश करून फरक पडतो. आतला रंग मेला असेल तर अल्कोहोल काही करत नाही. पण एक करा: वेगवेगळ्या ड्राइव्हमध्ये लावून पाहा. एक ड्राइव्ह जिथे अडकतो तिथे दुसरा वाचतो, विशेषतः जुन्या कॉम्प्युटरचे. वाचेल तेवढं आधी कॉपी करा, मधून पाहत बसू नका. दोन्ही प्रती ठेवा, एकीत नसलेला भाग दुसरीतून जोडता येतो. मंगलाष्टकं वरमालेच्या आधी की नंतर?

आर्वीची_सून
आधीच हो, मंगलाष्टकं संपल्यावरच ना वरमाला. म्हणजे दुसऱ्या प्रतीत असतील! पण मी दरवेळी वरमालेपासूनच लावून पाहिली, तेवढाच भाग पाहायची सवय.

हिंगणघाट_शूटिंगवाला
वहिनी, आता परत प्लेअरमध्ये लावू नका. एखाद्या पोराकडून कॉम्प्युटरवर आधी कॉपी करा. नाही जमलं तर हिंगणघाटला पाठवा, माझ्याकडे तीन जुने ड्राइव्ह पडून आहेत. पैसे कापूस विकल्यावर दिले तरी चालतील. 😄

झाडीवाले भाऊ, तुमच्या व्हीएचएसपण आणा, पण ध्यानात ठेवा, तीन तासांची कॅसेट उतरवायला तीन तासच लागतात, ती काही पळवता येत नाही. त्या कामाचे पैसे मात्र आधी.

झाडीचा_माणूस
पेटी घेऊन येतो जी. मशीन आमची बिघडलेली आहे, तेही आणतो. नागपुरात व्हीसीआरचा पिंच रोलर (टेप पुढे ओढणारं रबरी चाक) कुठे भेटते, कोणाला माहीत आहे का? आमचा चिकट झाला आहे, टेप ओढून घेते.