'प्रिन्स ऑफ पर्शिया'मधील राजपुत्राच्या हालचाली इतक्या खऱ्या का वाटतात?

प्रश्न

शाळेच्या संगणकवर्गात डॉस या जुन्या संगणक-प्रणालीवर खेळलेला 'प्रिन्स ऑफ पर्शिया' मी नुकताच पुन्हा खेळलो. धावता धावता थांबताना राजपुत्राचे पाय किंचित घसरतात आणि कड्याला लोंबकळून तो अंग वर ओढून घेतो, तेव्हा शरीराचे वजन जाणवते. हे कसे साधले असावे? याला हाताने काढलेले ॲनिमेशन म्हणता येईल का?

प्रतिसाद १

माझ्या मते नक्कीच म्हणता येईल. या खेळाचे निर्माते जॉर्डन मेक्नर यांनी १९८५ मध्ये आपला धाकटा भाऊ डेव्हिड याला पांढरे कपडे घालून धावायला आणि उड्या मारायला लावले, त्याचे व्हिडिओ चित्रण केले, एकेक चौकट स्थिर करून तिचे छायाचित्र काढले आणि त्यावर हाताने आकृती गिरवून ती संगणकात उतरवली. तलवारबाजीसाठी त्यांनी १९३८ च्या रॉबिन हूड चित्रपटातील द्वंद्व असेच गिरवले. १९८९ मध्ये हा खेळ प्रथम ॲपल टू संगणकावर आला. त्या संगणकात स्मृती (मेमरी) इतकी अपुरी होती की नव्या शत्रूच्या चित्रांना जागाच उरली नव्हती. म्हणून राजपुत्राचीच चित्रे एक्स-ऑर या बिटांची तुलना करणाऱ्या संगणकीय क्रियेने बदलून आरशातून बाहेर पडणारा तो छायापुरुष घडवला गेला. अडचणीतून इतके सुंदर पात्र जन्मलेले मला दुसरे आठवत नाही.

प्रतिसाद २

गिरवणे आणि मनाने रेखाटणे यांत मी फरक करतो. १९९३ च्या, मेगा ड्राइव्ह या गेम-यंत्रावरील 'अलादीन' खेळासाठी डिस्नेच्या चित्रकारांनी कागदावर काढलेली चित्रे संगणकात घेतली गेली. पडद्यावर एका वेळी जेमतेम ६४ रंग दिसत असतानाही त्या पात्रांच्या अंगाला जो ताण आणि लवचीकपणा आहे, तो कोणत्याही व्हिडिओ चित्रणातून मिळाला नसता.

प्रतिसाद ३

खरी कसोटी, ते चित्र खेळाडूच्या बोटाला किती दाद देते, ही आहे. ॲनिमेशनकार डॉन ब्लूथ यांच्या 'ड्रॅगन्स लेअर' या खेळात (१९८३) लेझरडिस्कवरून, म्हणजे व्हिडिओ साठवणाऱ्या मोठ्या तबकडीवरून, थेट चित्रपटाच्या तोडीचे ॲनिमेशन दिसे. पण खेळाडूने ठरावीक क्षणी ठरावीक दिशा द्यायची, एवढेच त्याच्या हाती होते. राजपुत्र मात्र आपले पाऊल पूर्ण करूनच उडी घेतो, त्यामुळे कळ थोडी आधी दाबावी लागते.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचे मनापासून आभार. आज शिफ्ट दाबून राजपुत्राला एकेक सावध पाऊल टाकायला लावले. जमिनीतून वर आलेल्या सुळ्यांमधून तो हळूच निघून गेला, आणि त्या पावलात आता मला तो पांढऱ्या कपड्यांतला भाऊ दिसतो.