मदत हवी आहे: 'कोर्ट' बघून आमच्यात दोन पार्ट्या पडल्यात

नमस्कार मंडळी, मी शहापूर, बेळगावचा. आम्ही आठ-दहा जण महिन्यातनं एकदा एकाच्या माडीवर प्रोजेक्टर लावून मराठी पिक्चर बघतो, गेल्या रविवारी चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' लावला, २०१४ ला व्हेनिसला बक्षीस, मग सुवर्णकमळ, ऑस्करला भारताकडनं गेलेला, म्हटलं सगळे खूश होतील. कुठलं काय! अर्धे म्हणतात कॅमेरा एका जागी ठेवून विसरलेत काय ओ, तारखावर तारखा, झोप आली. आमचे एक काका मात्र गप्पच, जमिनीच्या केसपायी वीस वर्षं खेटे घातलेत त्यांनी, शेवटी एवढंच म्हणाले, "असंच असतंय बाबा."

खरा घोळ शेवटाचा. कोर्टातले दिवे बंद झाले तसे तिघं उठून चपला शोधूलालेत, आणि इकडं पिक्चर चालूच, जज साहेब सहलीला! ते कशाला दाखवलं म्हणून अजून ग्रुपवर भांडण चालूय. मला ते लय आवडलं, पण सांगता येईना.

येत्या रविवारी चर्चा ठेवलीय आणि बोलायचं माझ्या गळ्यात. कुणी सांगा की, सुरुवात कुठनं करू? पिक्चरमधे ज्याच्यावर केस चालते त्या शाहिराच्या गाण्यावरनं, का त्या शेवटावरनं? आणि कंटाळलेल्यांना न दुखावता कसं बोलायचं?