नववीतली मारामारी: मुलाच्या आणि मुलीच्या पालकांना काय विचारावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी सातारा जिल्ह्यात एका माध्यमिक शाळेत नववीची वर्गशिक्षिका आहे. सध्या वर्गातल्या दोघांची फार काळजी वाटते.

मुलगा नळावर कुणी पुढे घुसलं की थेट कॉलर धरतो. बालवाडीपासून असाच आहे, असं आजी सांगते. एका जागी बसवत नाही, वाचताना अजून अडखळतो. मुलगी मात्र सातवीपर्यंत शांत होती. मग मैत्रिणींना व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढणं, डबा खाताना एकीला मुद्दाम एकटं पाडणं सुरू झालं. परवा तर वेणी ओढून तिला बाकावर आपटलं.

स्टाफरूममध्ये मुलाबद्दल ‘वयच आहे ते’ आणि मुलीबद्दल ‘घरचं वळण नाही’ असं बोललं जातं. मला दोन्ही पटत नाही.

न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या १,०३७ मुलांचा अभ्यास झाला, त्याबद्दल वाचलं. लहानपणापासून सुरू होऊन पुढेही टिकणाऱ्या समाजविघातक वर्तनात दहा मुलग्यांमागे एक मुलगी दिसली. वयात येताना सुरू होणाऱ्यात मात्र दीड मुलग्यांमागे एक मुलगी, म्हणजे फरक जवळजवळ मिटतो. कारणं दोघांत बरीचशी सारखीच: घरातली मारझोड, विस्कटलेली शिस्त, बिघडलेली संगत. पण अतिचंचलता, भाषेतला मागासपणा ही मुलग्यांच्या वाट्याला जास्त येतात. मुलींमध्ये पाळी लवकर येण्याचा संबंध नियम मोडण्याशी दिसला, तोही मुलं-मुली एकत्र असलेल्या शाळांत, मुलींच्या शाळांत नाही. यामागे मोठ्या वयाच्या मुलग्यांची संगत असावी, असा संशोधकांचा अंदाज.

आमची शाळा एकत्रच आहे. या मुलीला पाळी पाचवीत आली, हे तिच्या आईनेच मागे सांगितलं होतं. पण म्हणून तेच कारण धरून बसायची मला भीती वाटते. घरी कुणी हात उगारतं का, कुणी मोठा मुलगा त्रास देतो का, हे आधी कळायला हवं.

शनिवारी दोन्ही पालकांना स्वतंत्र बोलावलंय. शाळेला समुपदेशक नाही. ग्रामीण रुग्णालयातल्या, किशोरवयीन मुलामुलींसाठीच्या ‘मैत्री’ क्लिनिकचं नाव काढलं की मुलीची आई ‘लोक काय म्हणतील’ म्हणते.

इथे कुणी शालेय समुपदेशक किंवा बालरोगतज्ज्ञ असतील तर कृपया सांगा: मारहाणीचा विषय वडील समोर असताना काढावा की आईशी एकटीशी बोलावं? मुलाची वाचनाची तपासणी आधी करून घ्यावी का? आणि मुलीशी बोलताना सुरुवात कुठून करू, म्हणजे ती गप्प बसणार नाही?