मदत हवी आहे: नेमसर्व्हर बदलल्यापासून अर्ध्या लोकांना जुनी साईट दिसतेय, अर्ध्यांना नवी

पावसाळी_ढग

मंडळी, घाईत टाइप करतेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

गुहागरला मामाची घरगुती राहण्या-जेवणाची सोय आहे, चार खोल्या, त्याची डॉट कॉम वेबसाईट मी बघते (बघते म्हणजे काय, पासवर्ड माझ्याकडे आहे एवढंच). जुनं होस्टिंग महाग पडायला लागलं म्हणून काल सकाळी साईट नवीन कंपनीकडे हलवली, दरही नवे टाकले आणि डोमेन जिथून घेतलंय तिथे लॉगिन करून दोन्ही नेमसर्व्हर (डोमेनच्या नोंदी ठेवणारे सर्व्हर) बदलले. सपोर्टवाला म्हणाला प्रॉपगेशनला २४ ते ४८ तास लागतात, वाट बघा.

आता दिवाळीच्या बुकिंगचे फोन चालू आहेत आणि एक जण म्हणतो साईटवर १८०० लिहिलंय, दुसरा गपचूप २२०० ला तयार होतो. मामा मला विचारतोय, तू तोंड बघून दर दाखवतेस का गं? माझ्या मोबाईल डेटावर नवी साईट येते, तोच मोबाईल घरच्या वायफायला जोडला की जुनी. राउटर बंद-चालू करून झाला, लॅपटॉपवर फ्लशडीएनएस (साठवलेली डीएनएस उत्तरं पुसायची कमांड) पण केलं, ढिम्म फरक नाही. त्यात एरवी रोज दहा-बारा मेल येतात ते कालपासून दोनच आलेत, आणि एका बाईंनी फोन करून सांगितलं की तुमच्या पत्त्यावरचा मेल परत आला.

डीएनएस म्हणजे इंटरनेटची डिरेक्टरी हे सगळीकडे वाचलं, पण मग एका डिरेक्टरीत एका नावापुढे दोन नंबर कसे? आणि हे ४८ तास नक्की कोण काय करत असतं?

जुना_मोडेम

प्रॉपगेशन हा शब्द आधी डोक्यातून काढा, कोणी कुठे काही पसरवत बसलेलं नाहीये. एकच डिरेक्टरी १९८३ च्या आधी होती, कॅलिफोर्नियात एसआरआय नावाच्या संस्थेत एक साधी टेक्स्ट फाईल ठेवलेली असायची, नवीन मशीन आलं की त्यांना कळवायचं आणि बाकीच्यांनी ती फाईल उतरवून घ्यायची. मशीनं वाढली तसं ते झेपेना, मग पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएस काढलं.

आता होतं असं की तुमचं वायफाय ब्रॉडबँडवाल्याच्या रिझॉल्व्हरला (नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरला) विचारतं आणि मोबाईल डेटा मोबाईल कंपनीच्या. रिझॉल्व्हरला काहीच माहीत नसलं तर तो रूट सर्व्हरकडे जातो (ए ते एम अशी १३ नावं आहेत, पण मशीनं जगभर शेकडो ठिकाणी), रूट म्हणतो मला ठाऊक नाही, डॉट कॉमवाल्यांना विचार, ते म्हणतात या डोमेनचे नेमसर्व्हर हे दोन, त्यांना विचार, आणि शेवटी ते आयपी, म्हणजे साईटच्या मशीनचा नंबर, सांगतात. दर वेळी एवढी पायपीट कोण करणार, म्हणून तो उत्तराची झेरॉक्स काढून ठेवतो. ती किती वेळ ठेवायची तेही उत्तरासोबतच येतं, त्याला टीटीएल म्हणतात, सेकंदात असतो. डॉट कॉमचे सर्व्हर नेमसर्व्हरच्या उत्तरावर १७२८०० सेकंद लिहून देतात, भागून बघा, बरोब्बर ४८ तास. सपोर्टवाल्याचा आकडा तिथला.

म्हणजे तुमच्या ब्रॉडबँडवाल्याकडची झेरॉक्स शिळी आहे. फ्लशडीएनएसने फक्त तुमच्या लॅपटॉपमधली गेली, त्यांच्याकडची तशीच.

पावसाळी_ढग

अरे वा, हे कळलं. पण मग हातावर हात ठेवून बसायचं का? वायफायचा डीएनएस बदलून १.१.१.१ (क्लाउडफ्लेअरचा सगळ्यांसाठी खुला रिझॉल्व्हर) टाकला तर मला नवी दिसतेय.

रात्रपाळी

तुम्हाला दिसून काय उपयोग, पाहुण्यांना दिसायला हवी. जुनं होस्टिंग बंद केलंत का?

पावसाळी_ढग

नाही, महिनाअखेरपर्यंत पैसे भरलेत.

रात्रपाळी

मग देव पावला. जुन्या पॅनेलमध्ये जा, तिथला ए रेकॉर्ड (नावापुढचा आयपी सांगणारी नोंद) उघडा आणि त्यात नव्या होस्टिंगचा आयपी टाका. शिळी झेरॉक्सवाले अजून जुन्या नेमसर्व्हरच्याच दारात जातायत ना, तर त्या दारातच नवा पत्ता लिहून ठेवायचा. त्या रेकॉर्डचा टीटीएल पण बघा, १४४०० असेल तर चार तासांत निकाल लागेल. पुढच्या वेळी हलवायच्या दोन दिवस आधी तो ३०० करून ठेवा म्हणजे जुन्या दारातला हा बदल पाच मिनिटांत लागू होईल.

मेलचं वेगळंच दुखणं दिसतंय. नेमसर्व्हर बदलला म्हणजे अख्खी वहीच नवी, जुन्या वहीतल्या नोंदी आपोआप येत नाहीत. नव्या पॅनेलमध्ये एमएक्स रेकॉर्ड (मेल कुठल्या सर्व्हरवर द्यायचा ते सांगणारी नोंद) आहे का बघा. तो नसला की पाठवणारा सर्व्हर ए रेकॉर्डच्या मशीनवरच मेल द्यायला जातो, म्हणजे तुमच्या वेबसाईटच्या मशीनवर, आणि तिथे तो मेलबॉक्सच नाही म्हटल्यावर मेल परत. जे दोन आले ते जुन्या झेरॉक्सच्या कृपेने.

पावसाळी_ढग

एमएक्स नव्हताच!! नुसता ए रेकॉर्ड होता. जुन्या पॅनेलमधून एमएक्सच्या ओळी आणि ती एसपीएफवाली (आपल्या नावाने मेल कोणत्या मशीनने पाठवायचा ते सांगणारी) टीएक्सटीची ओळ जशीच्या तशी उचलून टाकली. पण आत्ता जीमेलवरून टेस्ट मेल केला तर तोही परत आला, वीस मिनिटं झाली टाकून.

जुना_मोडेम

थांबा थोडं. 'असा रेकॉर्ड नाही' या उत्तराचीही झेरॉक्स ठेवतात. किती वेळ ते एसओए रेकॉर्डवर (डोमेनच्या वहीची मुख्य नोंद) ठरतं. तोवर ओळी परत परत काढू-घालू नका, लोक तिथेच गोंधळ करतात. टीएक्सटीची ओळ मात्र नीट बघा, साईटचा फॉर्म नव्या मशीनवरून मेल पाठवत असेल तर नवा आयपी त्यात हवा.

पावसाळी_ढग

अपडेट: एसओएमध्ये ३६०० होतं, तासाभराने मेल सुरू झाले. टीएक्सटीमध्ये जुनाच आयपी होता, बदलला. संध्याकाळी जुन्या पॅनेलमधल्या बदलाने काम केलं, घरच्या वायफायवर आता नवी साईट येतेय, बहिणीने नाशिकहून बघितली तिलाही नवीच दिसली. दोघांनाही खूप खूप धन्यवाद. ज्या तिघांनी १८०० बघून बुकिंग केलं त्यांना मामाने १८०० च लावलेत, फरक माझ्या नावावर मांडलाय.