हॅम्बुर्गची उपांत्य फेरी आणि परत मिळालेल्या सायकली

आइंडहोवनवासी (प्रश्न)

गेली तीन वर्षे मी नोकरीनिमित्त नेदरलँड्समध्ये राहतो. आमच्या कचेरीत साठी ओलांडलेले एक डच सहकारी आहेत. दुपारी पाव आणि चीज खाता खाता फुटबॉलचा विषय निघाला, की त्यांची गाडी हमखास एकाच ठिकाणी येऊन थांबते : २१ जून १९८८, हॅम्बुर्ग, पश्चिम जर्मनीविरुद्धचा उपांत्य सामना. खरे तर नेदरलँड्सने युरोपचे विजेतेपद त्यानंतर चार दिवसांनी, म्युनिकला सोव्हिएत संघाचा २-० असा पराभव करून मिळवले, आणि त्या सामन्यात व्हान बास्टनने अशक्य वाटणाऱ्या कोनातून मारलेला गोल आजही पुनःपुन्हा दाखवला जातो. तरीही या गृहस्थांच्या लेखी खरा सण उपांत्य सामन्याच्या रात्रीचाच. त्या रात्री ॲमस्टरडॅममध्ये लोकांनी सायकली हवेत उडवल्या, असे सांगून ते हसतात आणि विषय बदलतात. गुलाल, फटाके, ढोल मला समजतात. जिंकल्यावर सायकल उडवण्याचे कारण मात्र उमगत नाही. जाणकारांनी सांगावे.

कालव्याकाठचा

आपल्या सहकाऱ्यांनी सांगितलेली गोष्ट खरी आहे. ॲमस्टरडॅमच्या लाइडसेप्लाइन या चौकात त्या रात्री लोक सायकली वर उडवत होते आणि ‘आमच्या सायकली परत मिळाल्या’ असे ओरडत होते. मे १९४० ते मे १९४५ अशी पाच वर्षे हा देश जर्मनीच्या ताब्यात होता आणि त्या काळात जर्मन सैन्याने सामान्य लोकांच्या सायकली मोठ्या प्रमाणावर जप्त केल्या. ज्या देशात दूध आणण्यापासून शाळेत जाण्यापर्यंत सगळे सायकलवर चालते, तिथे ही जप्ती घरोघरी जाणवली. रॉटरडॅमवरील बॉम्बवर्षाव आणि १९४४-४५ च्या हिवाळ्यातील उपासमार यांच्यापुढे सायकल ही क्षुल्लक वस्तू, हे मान्य; पण बॉम्बवर्षावावर विनोद करता येत नाही, सायकलीवर करता येतो. म्हणूनच ‘आधी आमची सायकल परत करा’ हा टोमणा इतकी वर्षे टिकला. १९६६ मध्ये राजकन्या बिआट्रिक्स यांचा विवाह क्लाउस या जर्मन गृहस्थांशी झाला, तेव्हाही निदर्शकांनी रस्त्यावर हीच मागणी केली होती. (पुढे हे जावई डच लोकांचे अत्यंत लाडके झाले, ही गोष्ट वेगळी.)

जुना सेंटर हाफ

वरील माहिती योग्य आहे, परंतु सगळा भार महायुद्धावर टाकणे मला पटत नाही. १९८८ चा आनंद समजून घ्यायचा तर १९७४ च्या विश्वचषकाचा, याच दोन संघांतील अंतिम सामना पाहावा लागतो. म्युनिकमध्ये खेळ सुरू झाला, डच खेळाडूंनी चेंडू आपसांत फिरवला, क्रायफ मुसंडी मारत आत शिरला, त्याला पाडले गेले आणि दुसऱ्याच मिनिटाला नेस्केन्सने पेनल्टीवर गोल केला. तोवर एकाही जर्मन खेळाडूचा पाय चेंडूला लागलेला नव्हता. त्यानंतर दुसरा गोल करण्याऐवजी डच संघ प्रतिस्पर्ध्याला खेळवत बसला, असे माझे स्पष्ट मत आहे. ब्राइटनरने पेनल्टीवर बरोबरी साधली, मध्यंतराच्या तोंडावर ग्येर्ड म्युलरने गोल केला आणि जगाने डोक्यावर घेतलेला संघ १-२ असा हरला. डच खेळाडू व्हान हानेहेमचे वडील आणि भावंडे युद्धात मारली गेली होती. तो मैदानातून रडत बाहेर पडला. त्याच्यासारख्यांच्या बाबतीत युद्ध आणि फुटबॉल वेगळे काढता येत नाहीत, हे मी नाकारत नाही. पण रस्त्यावर आलेल्या बहुसंख्य तरुणांनी युद्ध पाहिलेच नव्हते. त्यांनी लहानपणी घरातल्या टीव्हीवर म्युनिक पाहिले होते.

चौदा वर्षांनी हॅम्बुर्गमध्ये जणू तोच सामना उलटा खेळला गेला. या वेळी पेनल्टीवर जर्मनी पुढे गेली, पेनल्टीवरच कूमानने बरोबरी साधली आणि ८८ व्या मिनिटाला व्हान बास्टनने घसरत जाऊन चेंडू जाळ्यात धाडला. निकाल तोच, २-१, आणि डच संघाचे प्रशिक्षकही तेच, रिनुस मिखेल्स. अशा रात्री लोक घरात बसतील कसे?

तटस्थ प्रेक्षक

त्या रात्रीची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. सामना संपल्यावर कूमानने जर्मन खेळाडू ओलाफ टोनशी सदरा बदलला आणि तोच सदरा पार्श्वभागाला पुसल्याचा अभिनय आपल्या पाठीराख्यांसमोर केला. विनोद आणि अपमान यांच्यातील रेष तिथे ओलांडली गेली. १९९० च्या विश्वचषकात याच दोन संघांच्या मिलानमधील सामन्यात डच रायकार्ड जर्मन फ्योलरवर थुंकला आणि दोघांनाही लाल कार्ड मिळाले. तो सामना जर्मनीने जिंकला आणि पुढे विश्वचषकही. गंमत म्हणजे काही वर्षांनी हेच दोघे आंघोळीचे झगे घालून लोण्याच्या जाहिरातीत एकत्र झळकले.

कालव्याकाठचा

कूमानच्या बाबतीत सहमत. आता मात्र ती धार राहिलेली नाही. डच खेळाडू रॉबेन दहा वर्षे बायर्न म्युनिक या जर्मन क्लबकडून खेळला आणि २०१३ मध्ये त्याच्याच गोलावर त्या क्लबने चॅम्पियन्स लीग जिंकली. अशा खेळाडूच्या देशाचा जर्मनांनी किती राग धरायचा? २०२४ ची युरो स्पर्धा जर्मनीत होती. पोलंडविरुद्धच्या सामन्यापूर्वी त्याच हॅम्बुर्गच्या रस्त्यांवरून नारिंगी कपड्यांतील हजारो डच लोक एकाच तालावर आधी डावीकडे, मग उजवीकडे उड्या मारत गेले. मी ती चित्रफीत अनेकदा पाहिली आहे. सगळा रस्ता डोलतो आहे आणि बघे मजेत मोबाइलवर चित्रण करत आहेत.

आइंडहोवनवासी

सर्वांचे आभार. आज जेवणाच्या सुट्टीत सहकाऱ्यांना सायकलीबद्दल थेट विचारले. त्या रात्री ते ॲमस्टरडॅममध्ये नव्हतेच, इथेच मित्राच्या घरी सामना पाहत होते. त्यांच्या आजोबांची सायकल १९४४ च्या उन्हाळ्यात जप्त झाली होती आणि त्यानंतर बटाटे आणायला त्यांची आई, तेव्हा चौदा वर्षांची, शेतापर्यंत चालत जात असे. त्या माउलीने जन्मात कधी फुटबॉल पाहिला नव्हता. सामना संपल्यावर तिने मित्राच्या घरी दूरध्वनी केला आणि जिंकलो ना, एवढेच विचारून ठेवून दिला.