तैवान, आठ दिवस, सोबत माळकरी आई – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

भाऊबीज उरकून निघायचं आणि कार्तिकी एकादशीपर्यंत आई घरी हवी, या बेचक्यात प्रवास धरून आठ दिवस सापडलेत. जाणार तिघी : मी, आई (वय ६८, माळकरी, उजवा गुडघा कुरकुरतो) आणि लेक (वय ११).

मागे एकदा टूर कंपनीबरोबर गेलो होतो, नाव नको. सकाळी सहाला दारावर थाप, रोज रात्री त्याच चवीचं पनीर, आणि आईला एका देवळात जरा टेकायचं होतं तर "पंधरा मिनिटांत बसमध्ये". घरी आल्यावर आईच म्हणाली, "पुन्हा न्यायचं तर तूच ने बाई." म्हणून हा उपद्व्याप.

तैवानच का? लेक दीड वर्ष मँडरिन शिकतेय, तिला ती कुणाशी तरी बोलून बघायचीय. चीनचा विचार केला होता. पण तिथे गूगलचे नकाशे चालत नाहीत आणि पैसे द्यायला जी दोन ॲप लागतात, अलीपे आणि वीचॅट, त्यांच्यावर आपल्याकडे २०२० पासून बंदी. आईला घेऊन एवढी खटपट नको वाटली.

आता अडचणी. आई आणि मी २०१९ मध्ये बहिणीच्या बाळंतपणाला अमेरिकेला गेलो होतो, दोघींचा दहा वर्षांचा व्हिसा आहे. लेक तेव्हा बाबांजवळ राहिली होती, तिच्याकडे काहीच नाही. मग तैवानसाठी तिघींचं कसं करायचं?

दुसरं म्हणजे जेवण. अंडं नाही, कांदा-लसूण नाही. आठ दिवस थेपल्यांवर काढायची आईची तयारी आहे, माझी नाही.

तिसरं, मार्ग. तैपेई दोन रात्री, ह्वालिएन आणि तारोको दरी एक, काओशुंग दोन, आलीशान (डोंगरावरचं ठिकाण) एक, सन मून लेक एक, असा बेटाला पूर्ण वळसा आखलाय. जमेल का? खरं खरं सांगा.

प्रतिसाद १

व्हिसापुरतं सांगतो. तुम्हा दोघींचं काम घरबसल्या होईल. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, शेंगेन, जपान, कोरिया, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड यांपैकी कुठलाही व्हिसा असला की तैवान भारतीयांना ऑनलाइन प्रवासपरवाना देतं, तोही फुकट. १४ दिवस राहता येतं. लेकीला मात्र रीतसर व्हिसा काढावा लागेल, आईच्या व्हिसावर लेकीला परवाना मिळत नाही. तैवानचा आपल्याकडे दूतावास नाही. 'तैपेई आर्थिक आणि सांस्कृतिक केंद्र' अशी पाटी असते, काम तेच. पूर्वी दिल्ली नाहीतर चेन्नई गाठावी लागे, २०२४ मध्ये मुंबईतही उघडलं. बाबा सोबत नाहीत, तर त्यांचं संमतीपत्र जवळ ठेवा. आणि लेकीचा व्हिसा हातात पडेपर्यंत, पैसे परत न मिळणारी तिकिटं काढू नका. हाँगकाँग किंवा बँकॉकला विमान बदलून जाता येतं.

प्रतिसाद २

मी मूळचा रत्नागिरीकडचा, तैवानात शिंचूला शिकायला होतो. जेवणाची चिंता सोडा. माळकऱ्याला इतका सोयीचा दुसरा परका देश मी तरी पाहिला नाही.

तिथले बरेच बौद्ध शाकाहारी कांदा-लसूण खात नाहीत. वर्ज्य पाच उग्र पदार्थांच्या जुन्या यादीत आपला हिंगसुद्धा आहे, म्हणजे फोडणीच बाद! दुकानातल्या पाकिटांवरही शाकाहाराचे प्रकार छापलेले असतात : निव्वळ शाकाहारी, अंडं चालणारे, दूध चालणारे, दोन्ही चालणारे आणि कांदा-लसूण चालणारे. तुम्हाला पहिला हवा. त्याला म्हणायचं 'छ्वेन सू'. लेकीला ओळखता येईल.

खाणावळ ओळखायची खूण आईच सांगतील. बऱ्याच शाकाहारी खाणावळींच्या पाटीवर चक्क स्वस्तिक असतं. आत ताटं मांडलेली, आपण खोक्यात हवं ते वाढून घ्यायचं, बाई वजन करून पैसे सांगते. भोपळा, वांगं, पालेभाज्या, टोफूचे दहा प्रकार. एकच सावधगिरी : मैद्याच्या आणि सोयाच्या गोळ्यांना मासा, कोंबडी, कोळंबी यांचे हुबेहूब आकार देतात. पहिल्यांदा मीही ताट बाजूला सारलं होतं. आईंना आधी सांगून ठेवा. बेकरीत जाऊ नका, अंडं असतंच.

'मी शाकाहारी' म्हणजे 'वो छ्र सू'. 'सू' ठसक्यात, वरून खाली. अकरा वर्षांची मुलगी यावर किती हसेल ते तुमचं तुम्ही बघा.

रात्रीच्या बाजारात आणि लहान खाणावळीत रोख लागते. मेट्रो, बस आणि कोपऱ्यावरच्या दुकानांसाठी इझीकार्ड (आधी पैसे भरून वापरायचं कार्ड) घ्या. मेट्रोत पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, ७,५०० तैवानी डॉलरपर्यंत दंड आहे. एक डॉलर म्हणजे साधारण पावणेतीन-तीन रुपये, हिशोब करा.

आणि तैपेईतलं लुंगशान मंदिर चुकवू नका. १७३८ सालचं आहे. तिथे लोक लाल रंगाचे, चंद्रकोरीच्या आकाराचे दोन लाकडी तुकडे हातात धरून देवाला प्रश्न विचारतात आणि जमिनीवर टाकतात. एक सपाट बाजू वर, एक फुगीर वर, असं पडलं की देवाचा होकार. पहिल्यांदा पाहिलं आणि मी जागीच उभा राहिलो. अहो, हा तर आमचा कौल!

प्रतिसाद ३

ताई, खरं सांगा म्हणालात म्हणून : वळसा जमणार नाही. आठांतले दोन दिवस विमानात जाणार. उरले सहा, आणि तुम्ही पाच ठिकाणी बॅगा उघडणार. गुडघा नसता दुखत तरी नकोच म्हटलं असतं.

तारोको आत्ताच खोडा. ३ एप्रिल २०२४ च्या ह्वालिएन भूकंपात दरीची वाट लागली, पायवाटा दरडींखाली गेल्या. तेवढ्यासाठी पूर्व किनारा गाठण्यात अर्थ नाही. पश्चिमेकडे रहा, तिथे हायस्पीड रेल्वे आहे. साडेतीनशे किलोमीटर, ताशी ३०० चा वेग. तैपेईहून काओशुंगच्या झुओयिंग स्टेशनात पावणेदोन-दोन तासांत उतरता.

झुओयिंगहून बसने फो ग्वांग शानला जा. डोंगरावरचा मोठा बौद्ध मठ, शेजारी प्रचंड बुद्धमूर्ती, जेवण शाकाहारी. आईंना तिथे हवं तेवढं बसू द्या.

प्रतिसाद ४

बाकी पटलं, पण वळशाबरोबर आलीशानही खोडू नका हो! जपानी अमदानीतली डोंगरातली छोटी रेल्वे, ७१ किलोमीटर. २००९ च्या वादळाने रूळ वाहून गेले, ती २०२४ च्या जुलैत पुन्हा पूर्ण धावू लागली. माथेरानची गाडी आवडणाऱ्याने ही सोडायची म्हणजे पाप.

प्रतिसाद ५ (प्रतिसाद ३ वालीच)

पाप कबूल. पण आलीशानचा सूर्योदय बघायला काळोखात उठून, दोन हजार मीटरच्या वरच्या थंडीत कुडकुडत उभं राहावं लागतं. सहा वाजताच्या थापेला वैतागलेल्या बाईंना चार वाजता उठवणार? त्यापेक्षा सन मून लेक. हायस्पीडच्या ताइचुंग स्टेशनवरून थेट बस, दीडेक तास. तळ्यात बोटी फिरतात, चालायला सपाट वाट आहे. श्वेनग्वांग धक्क्यावर चहात उकडलेल्या अंड्यांच्या टपरीसमोर ही रांग! तिथून आईंना जरा पुढे न्या, वास दरवळतो.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. संध्याकाळी आईला प्रतिसाद वाचून दाखवले. कौलाचं ऐकून ती म्हणाली, "मग मी काय विचारायचं ते आत्ताच ठरवते." 'सू'चं काय झालं ते सांगायला नको. आजी आणि नात दोघी सोफ्यावर लोळत होत्या.

तारोको गेलं, वळसा गेला. आता तैपेई तीन रात्री, सन मून लेक एक, काओशुंग दोन, असं धरतेय. आलीशानबद्दल लेकीने तोंड पाडलंय. तिला सांगितलंय की चांगले मार्क मिळाले तर बाबांबरोबर जा. परवाच मुंबईच्या केंद्रात तिच्या कागदांची चौकशी करते.

एक शंका उरलीच. परतीचं सोयीचं विमान नेमकं एकादशीच्या दिवशीचं आहे. म्हणजे अर्धा उपास तिथे, अर्धा विमानात. साबुदाणा भिजवून कुठे नेऊ?

प्रतिसाद २ (तोच, रत्नागिरीकर)

काही भिजवू नका. फॅमिलीमार्ट नावाची दुकानं जिथे तिथे आहेत. आत गेलं की गल्ल्याजवळ गरम खड्यांवर भाजलेली रताळी ठेवलेली असतात, सालीला मधासारखा चीक सुटलेला. वजनावर मिळतात. विमानतळाकडे निघताना चार बांधून घ्या. मुंबईला उतरण्याआधी मात्र संपवा.