जर्मनमधील 'झोलेन' : आज्ञा की ऐकीव बातमी?

शिरोलीकर : मी कोल्हापुरात एका फौंड्रीत नोकरी करतो आणि संध्याकाळी ए२ या प्राथमिक पातळीच्या जर्मनचा अभ्यास करतो. 'झोलेन' म्हणजे 'पाहिजे' असे शिकवले गेल्याने "इश झोल मेअर वासर ट्रिंकन" याचा अर्थ मी 'मला जास्त पाणी प्यायला पाहिजे' असा लावत आलो. मात्र नव्या पाठात "डेअर शेफ झोल क्रांक झाइन" याचा अर्थ 'साहेब आजारी आहेत असे समजते' असा दिला आहे. साहेबांनी आजारी पडलेच पाहिजे, असे तर कोणी म्हणत नसावे! शिवाय 'म्युसेन' म्हणजेही 'पाहिजे'च असेल, तर ही दोन क्रियापदे कशासाठी?

लक्ष्मीपुरी : 'पाहिजे' तूर्त बाजूला ठेवा. 'झोलेन'मागे बहुधा कर्त्याखेरीज दुसऱ्या कोणाची तरी इच्छा असते. म्हणून आपल्या पहिल्या वाक्याचा अर्थ 'मी जास्त पाणी प्यावे असे (डॉक्टरांनी) सांगितले आहे' असा होतो. 'म्युसेन'मध्ये निकड असते : शेवटची एस.टी. सुटणार असेल, तर निघावेच लागते, मग कोणी सांगो वा न सांगो. "झोल इश वार्टन?" म्हणजे 'मी थांबू का?', कारण तेथे समोरच्याची इच्छा विचारलेली असते.

नकारात मात्र जपावे. 'म्युसेन'ला 'निश्ट' (नाही) जोडले की 'गरज नाही' एवढाच अर्थ उरतो; मनाईसाठी 'ड्युर्फेन' (परवानगी असणे) याचा नकार येतो. आपल्याकडे जर्मन यंत्रे असतील, तर त्यांवरील सूचना वाचताना हा भेद केवळ परीक्षेपुरता राहत नाही.

पंचगंगाकाठ : दुसऱ्या वाक्यात इच्छेऐवजी दुसऱ्याचे बोलणे येते. त्यासाठी मराठीत 'म्हणे' हा नेमका शब्द आहे : साहेब आजारी आहेत म्हणे. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीवर गेल्याची बातमी घरबसल्या ऐकणारा "डी पंचगंगा झोल गेश्टीगन झाइन", म्हणजे 'पंचगंगा चढली म्हणे', असे सांगेल. बंधाऱ्यावर जाऊन स्वतः पाणी पाहून आलेला मनुष्य मात्र 'झोल' न वापरता 'इस्ट गेश्टीगन' असे सरळ म्हणेल. जर्मन वृत्तपत्रांत हा प्रयोग वारंवार भेटतो, कारण त्यात बातमी देता येते आणि तिची हमी मात्र अंगावर येत नाही. याउलट "एअर विल निश्ट्स गेवुस्ट हाबेन" यात 'वोलेन' (इच्छा असणे) याचे 'विल' हे रूप आहे : आपल्याला काहीच ठाऊक नव्हते, असा त्याचा स्वतःचा दावा, आणि ऐकणाऱ्याच्या मनात बहुधा शंका.

शिरोलीकर : आभारी आहे. मग "एअर झोल मॉर्गन कोमन" हे वाक्य कोणत्या अर्थाने घ्यावे? आणि 'झोल्टे' कोठे बसते?

लक्ष्मीपुरी : त्या वाक्याचे दोन्ही अर्थ होतात : 'त्याला उद्या यायला सांगितले आहे' आणि 'तो उद्या येणार आहे म्हणे'. मागचापुढचा संदर्भ पाहूनच ठरवावे लागते. वाक्याच्या शेवटी 'गेश्टीगन झाइन' यासारखे भूतकाळाचे रूप आले, तर मात्र ऐकीव अर्थच बहुतेक वेळा असतो. "डू झोल्टेस्ट" हा सल्ला आहे, 'तू अमुक करावेस' असा, आणि तो 'झोल'पेक्षा सौम्य. 'म्युसेन'चे साधे भूतकाळी रूप 'मुस्टे' आणि संकेतार्थी रूप 'म्युस्टे' असे वेगळे होते. 'झोल्टे' दोन्हींकडे तेच राहते, त्यामुळे तेथेही संदर्भाशिवाय सुटका नाही.